बीबीएच्या सीईटीत हिशेबाला गुण किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे लातूरच्या मार्केट यार्डात अडतीचे दुकान आहे. शिक्षण बी.कॉम., तेही मध्ये एक वर्ष गटांगळी खाऊन. त्यामुळे शिक्षणावर पत्र लिहिण्याचा मला अधिकार किती, हे आपणच ठरवावे. गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत बीबीएसारख्या व्यवस्थापनाच्या पदवी प्रवेशांवर पानभर मजकूर होता. 'स्पर्धा मोठी आहे, तयारी लवकर सुरू करा' असा त्याचा सूर. तयारी कशाची करायची, याबद्दल मला चार ओळी लिहायच्या आहेत.

लातुरात हुशार मुलीने कॉमर्स घेतले की घरात काहीतरी बिनसले आहे असा लोकांचा समज होतो. राज्यभरातून पोरे इथे खोल्या करून राहतात ती नीट-जेईईसाठी. माझ्या थोरलीला दहावीला ९१ टक्के पडले आणि तिने कॉमर्स घेतले, तेव्हा एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "फीची काही अडचण आहे का?" मी म्हटले, अडचण नाही, तिला आवड आहे. त्यांना ते पटले नाही. त्यांनी निघताना पुन्हा एकदा विचारले.

आवड म्हणजे काय ते सांगतो. २०२४ चा जानेवारी, तुरीची आवक जोरात, भाव दहा हजारांच्या आसपास. ही बारावीत होती, क्लास सुटला की दुकानात येऊन बसायची. एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मुनीमजींनी काढली, हमाली-तोलाई वजा केली, कागद त्याच्या हातात दिला. तो घडी घालून खिशात ठेवणार तोच ही म्हणाली, "काका, थांबा." माल होता १४ क्विंटल ६० किलो. कॉम्प्युटरमध्ये पडले होते १४.०६. चोपन्न किलो तूर हवेत गेली होती, म्हणजे त्या माणसाचे साडेपाच हजारांच्या आसपास रुपये. मुनीमजींची नोकरी वीस वर्षांची, पण आकडा त्यांच्या नजरेतून निसटला. हिला रक्कम बघूनच वाटले की एवढ्या पोत्यांचे एवढेच कसे? तो शेतकरी आजही माल आमच्याकडेच घालतो, आणि आधी 'ताई आहेत का' म्हणून विचारतो.

अशा मुलीने बीबीए करावे असे मला वाटले तर चूक नव्हती. नेमके त्याच वर्षी बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेले आणि आपल्या राज्यात त्यांना सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागू झाली. पहिली परीक्षा २९ मे २०२४ ला. अर्जाची मुदत बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी संपलेली. आम्हाला कळले तेव्हा वेळ गेली होती, आणि आमच्यासारखे बरेच होते. राज्यात जागा लाखाच्या वर, परीक्षेला बसलेली मुले पन्नास हजारांच्या आत! मग ४ ऑगस्टला पुन्हा एक परीक्षा घेतली. तोवर काही महाविद्यालयांनी आपल्या बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम.च्या पोटात घातले होते, म्हणजे सीईटीची भानगडच नको. पुण्याच्या एका कॉलेजात खिडकीवरच्या बाईंनी मला सरळ सांगितले, "कोर्स तोच आहे, फक्त पाटी बदललीय." आमच्या यार्डात असे केले तर त्याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

मुलीने ऑगस्टची परीक्षा दिली. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे, निगेटिव्ह मार्किंग नाही. इंग्रजीला ४० गुण, तर्कबुद्धी आणि अंकगणिताला ३०, सामान्यज्ञानाला १५, कॉम्प्युटरच्या प्राथमिक माहितीला १५. ती बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, दोन वर्षं जे शिकले त्यातलं एकही आलं नाही." पुस्तपालन, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती, अर्थशास्त्र या चारही विषयांवर तिने दोन वर्षे घासली होती. त्यांना मिळून गुण शून्य. चाळीस गुणांचे इंग्रजी मात्र तिला नडले. शाळा मराठी माध्यमाची. उतारा समजतो, पण नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न सोडवायचे म्हणजे वाचायचा वेग लागतो, आणि तो घरात इंग्रजी पेपर येणाऱ्या पोरांकडे असतो. पर्सेंटाइल साठच्या घरात आला. पुण्याचे तिला हवे होते ते कॉलेज गेले. कमी नावाच्या ठिकाणी जागा ओस पडल्या होत्या, तिथे कोणीही या म्हणत होते. स्पर्धा मोठी म्हणतात ती पुण्या-मुंबईच्या मोजक्या दारांशी आहे, हेही आपल्या पुरवणीने एकदा छापावे.

यावर मला एका प्राध्यापकांनी समजावले की, या अभ्यासक्रमाला कला आणि विज्ञानाची मुलेही येतात, त्यांनी अकाउंट्स कुठून आणायचे? म्हणणे रास्त आहे. पण मग जमा-नावे विचारू नका, एखादे बिल द्या. त्यावर सूट काढा, जीएसटी लावा, व्याज धरा, उधारी तीन महिन्यांनी आली तर नफा उरतो का ते विचारा. यासाठी कॉमर्सच लागते असे थोडेच आहे? आणि भाषेचे म्हणाल तर नीट मराठीतून देता येते. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे, शिवाय अकाउंटन्सीचा वेगळा पेपरही आहे. दिल्लीला जे सुचते ते मुंबईला सुचायला काय हरकत होती?

इंग्रजी नकोच असे मी म्हणत नाही. बाहेरच्या पार्टीशी बोलायला, कराराची कलमे वाचायला ते लागतेच. माझे स्वतःचे त्यावाचून अडलेले आहे. पण व्यापार शिकायला कोण लायक, हे ठरवताना शंभरातले चाळीस त्याला आणि हिशेबाच्या समजेला अंकगणितातले उरलेसुरले, हे माप खोटे आहे.

आता धाकटा अकरावीत आहे आणि त्याच्या डोक्यात आयपीएम बसले आहे. बारावीनंतर थेट आयआयएम. इंदूरच्या आयआयएमने २०११ साली हे पाच वर्षांचे शिक्षण सुरू केले, आता रोहतकलाही आहे, बोधगया आणि जम्मूलाही आहे. इंदूरची परीक्षा म्हणजे गणित आणि इंग्रजी, दोन्ही कसून. क्लासवाल्याने फीचा आकडा सांगितला, मी चहा पिऊन उठलो. पोराला मी अडवणार नाही. एवढेच सांगितले आहे की एमबीएला कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा एक दार बंद झाले म्हणून वाडा बंद झाला असे समजू नको.

मुलीने शेवटी लातुरातच बी.कॉम. घेतले. आणि तिथे आणखी एक गंमत. नव्या शैक्षणिक धोरणाने अर्जावर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा ऐच्छिक विषय) अशा रकान्यांची रांग लावली आहे. खिडकीतल्या कारकुनाने यादी पुढे सरकवली, "मेजर कोणता? लवकर सांगा, मागं रांग आहे." पुढच्या मुलीने जे लिहिले तेच मागच्या सात जणींनी लिहिले. मी स्वतः पाहिले. तीन-चार वर्षे आपण नेमके काय शिकणार, हा निर्णय त्या खिडकीशी दोन मिनिटांत होत होता. आमची रांगेतून बाहेर पडली, बारावीच्या अकाउंट्सच्या मॅडमना फोन लावला, आणि मग मेजर अकाउंटन्सी, मायनर अर्थशास्त्र असे लिहिले. मॅडमनी तिला एकच विचारले होते, "दुकानात बसतेस तेव्हा कोणतं काम करताना वेळ कळत नाही?" ती म्हणाली, खतावणी जुळवताना, आणि भाव का पडला ते शोधताना. पहिल्यातून मेजर निघाला, दुसऱ्यातून मायनर. फोन चार मिनिटांत संपला. असे चार मिनिटे विचारणारे माणूस प्रत्येक कॉलेजने जून महिन्यात खिडकीशेजारी एक खुर्ची टाकून बसवावे. खर्च खुर्चीचा.

सीईटी कक्षाकडे माझी मागणी साधी आहे. परीक्षा जरूर ठेवा, पण वेळापत्रक दिवाळीच्या आधी गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या फलकावर लागू द्या, प्रश्न मराठीतही द्या, आणि पंचवीस गुण तरी व्यवहाराच्या हिशेबाला ठेवा. आपल्याकडे मागणी अशी की, पुढची पुरवणी काढाल तेव्हा क्लासच्या जाहिरातींमधून जागा उरली तर या परीक्षांचा नमुना आणि अर्जाची मुदत चौकटीत छापा.

हे पत्र मुलीनेच मोबाइलवर टाइप करून दिले आहे. मी तिला 'इंग्रजीचे चाळीस, बाकीचे साठ' एवढेच सांगितले होते. तीस, पंधरा, पंधरा ही फोड तिने घातली. पाठवण्याआधी मी बेरीज करून पाहिली, शंभर भरते.

आपला,
एक अडत व्यापारी,
मार्केट यार्ड, लातूर