ऑपरेशन मोफत झालं, पण हात वर कोण नेणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन शेतमजूर बाईच्याही आवाक्यात आलं, हे आधीच मान्य करते. माझं म्हणणं त्यापुढचं आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे येतात त्या चार-सहा महिन्यांनी. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा निघत नाही, अशी तक्रार असते. तीही कुणीतरी खोदून विचारल्यावर. जीव वाचला, आता खांद्याचं काय रडायचं, असं त्यांना वाटतं.

काखेतल्या गाठी काढल्या की जखम भरताना कातडी ओढली जाते. काहींना काखेपासून कोपरापर्यंत दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो. दुखतं म्हणून बाई हात पोटाशी धरून बसते. घरचेही बजावतात, 'हलवू नको, टाके तुटतील.' खांदा आखडतो तो इथे. मग रेडिएशनची वेळ येते. त्यासाठी हात डोक्याच्या वर ठेवून पडून राहावं लागतं, आणि नेमका तोच वर जात नाही.

यावर महागडं यंत्र लागत नाही. जखमेतलं पाणी काढणारी नळी असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंत, पुढे भिंतीवर बोटं चढवत नेणं, काठी धरून दोन्ही हात वर नेणं. मात्र कधी, किती, कुठे थांबायचं हे जाणकाराने शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. छापील चित्रं हातात देऊन भागत नाही. ब्रिटनमध्ये ३९२ स्त्रियांवर झालेला 'प्रोस्पर' अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टने व्यायाम सुरू करून दिला, तर वर्षभरानंतर त्यांचा हात नुसतं पत्रक मिळालेल्यांपेक्षा चांगला चालत होता. खर्चाच्या हिशेबातही तो परवडणाराच ठरला.

आमच्याकडे हात म्हणजे हंगाम. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. उसाची मोळी डोक्यावर घ्यायला दोन्ही हात वर गेले पाहिजेत. बाईचा एक हात अडला की जोडीची उचल अडते.

म्हणून मागणी साधी आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाला सक्ती करा की स्तनाच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने तपासल्याशिवाय सुटी नाही, आणि डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख व जवळच्या सरकारी फिजिओथेरपी केंद्राचं नाव हवं. मुंबई-पुण्याला ऑपरेशन झालेली बाई दर आठवड्याला तिकडे जाऊ शकत नाही. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या आमच्या सहकाऱ्यांना यासाठी प्रशिक्षण द्या. सेशनचे पैसे पॅकेजमध्ये वेगळे दाखवा, नाहीतर ते कागदावरच राहतील.

आणखी एक, जे फाइलवर सहसा येत नाही. या बाईला व्यायामासाठी ब्लाऊज काढावा लागतो. एका पडद्याआड लकवा झालेले पुरुष आणि दुसऱ्या पडद्याआड ती, अशा खोलीत ती दुसऱ्यांदा येत नाही. तिला दार लागणारी खोली आणि शक्यतो स्त्री फिजिओथेरपिस्ट द्या. एवढ्यासाठी तर नवा निधीही लागू नये.

ऊसतोडीला माणसं दसरा-दिवाळीनंतर निघतात. आदेश त्याआधी निघाला तर यंदाच्याच बायकांना उपयोग होईल.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, बीड जिल्हा