नलूमावशीला हे वाचून दाखव

नाशिक
30 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. तेविसावा आठवडा चालू आहे. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, पण रक्तदाब व्यवस्थित आहे. बाबा, गुडघ्याची गोळी चुकवत नाही ना?

आई, परवा तू फोनवर 7 सप्टेंबरच्या ग्रहणाचं बोलत होतीस तेव्हा तुझा आवाज कापत होता. सुरीला हात लावू नकोस, काही चिरू नकोस, दुपारी वेध लागले की पाणीसुद्धा पिऊ नकोस. तुझ्या डोळ्यांपुढे कोण होतं ते मला कळलं. बंडूदादाचा दुभंगलेला ओठ, आणि "सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरलीस ना!" हे नलूमावशीने सासरी जन्मभर ऐकलेलं. म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसले.

अगं, बाळाचा ओठ सातव्या महिन्यात घडतच नाही. गर्भ राहिल्यावर चौथ्या आठवड्यात, जिथे पुढे तोंड होणार असतं त्या जागेभोवती पाच बारीक फुगवटे दिसू लागतात. एक वर कपाळाकडचा, दोन गालांकडचे आणि दोन खाली जबड्याचे. गालांकडचे दोन्ही फुगवटे मधे सरकत येतात आणि नाकाकडच्या भागाला जाऊन मिळतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास वरचा ओठ सलग झालेला असतो. तेव्हा सगळं बाळ मिळून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं! आरशात बघ, नाकाखाली मधोमध जी खळगी असते तिच्या दोन्ही कडांशी हे सांधे असतात. त्यातला एखादा जुळायचा राहिला की ओठ दुभंगलेला राहतो. तोंडाच्या आतली टाळूही बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून येते.

म्हणजे मावशीने ती भाजी चिरली तेव्हा बंडूदादाचा ओठ जसा घडायचा तसा घडून चार महिने होऊन गेले होते. सुरीचा त्यात काय संबंध? असं का होतं याची कारणं वेगळी आहेत. काही घराण्यांत ते चालत आलेलं असतं. आईचा मधुमेह, फिटची काही औषधं, सिगारेट यांनी धोका वाढतो. पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतच नाही. आणि ज्या आठवड्यांत हे घडतं, त्या वेळी कितीतरी बायकांना दिवस गेलेत हेही पुरतं कळलेलं नसतं. दोष द्यायचा तरी कोणाला?

आपल्या बाळाची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी चेहरा थांबवून दाखवला, ओठांची रेघ सलग आहे. तेवढ्यात त्याने हात तोंडाशी नेला. मला तेव्हा रडूच आलं.

आता त्याची पुढची कामं चालली आहेत. बोटांवरचे ठसे उमटून झालेत. फुप्फुसं अजून कच्ची आहेत, श्वास सोडताना ती मिटू नयेत म्हणून लागणारा पदार्थ आता कुठे तयार व्हायला लागतो. कानही जागे होताहेत. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळं आवाजाने दचकतात. म्हणून अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीला मी जाणार नाही. डीजेसमोर उभं राहणं या दिवसांत खरंच बरं नाही.

ग्रहणाच्या दिवशी मात्र मी वेळेवर जेवणार, पाणी पिणार, लोहाची गोळी घेणार. उपाशीपोटी मला गरगरतं, आणि बाळाला लागेल ते सगळं माझ्याच रक्तातून मिळतं. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणं. ती उघड्या डोळ्यांनी पाहिली तरी काही होत नाही. बाबा, अकरानंतर चंद्र पुरता झाकला जाईल, तुम्ही गच्चीवर जाऊन बघा. तांबूस दिसतो.

आई, तुझ्या मनाला स्वस्थ वाटावं म्हणून त्या रात्री आपण दोघी फोनवर रामरक्षा म्हणू. मला ती तुझ्या आवाजात ऐकायला आवडते. बाळालाही आता माझ्या आवाजाची सवय होऊ दे.

एक काम मात्र कर. हे पत्र घेऊन मावशीकडे जा आणि ओठाचा मजकूर तिला सावकाश वाचून दाखव. बंडूदादा घरी असेल तर त्याच्यासमोरच वाच. तिचे मामंजी असतील तर फारच उत्तम.

दिवाळीत या. लोणचं कमी तिखट घाल.

तुमची,
मनू