तर्कपूर्व आणि तर्कविसंगत

महोदय,

रुंद पेल्यातले पाणी डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, तरी चार-पाच वर्षांचे मूल ‘पाणी वाढले’ असे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलेली ही समजूत साधारण सातव्या वर्षापासून आपसूक मागे पडते, म्हणून तिला तर्कपूर्व म्हणावे, तर्कविसंगत नव्हे. विषारी सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळते हे ठाऊक असूनही रुग्णाला मांत्रिकाकडे नेणारा सुशिक्षित माणूस मात्र हाताशी असलेला तर्क नाकारतो. (दवाखान्यापासून कोसभर दूर राहणाऱ्या वाडीतल्या म्हातारीला मी त्याच्या पंक्तीला बसवणार नाही.) दंशावरील उपचार रोखून मंत्रतंत्र करणे राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, हे योग्यच झाले, परंतु ‘चांदोबा आपल्याबरोबर चालतो’ म्हणणाऱ्या लहानग्याला अंधश्रद्धाळू ठरवून दटावणाऱ्या पालकांनी थोडे सबुरीने घ्यावे.

– एक वाचक, सातारा