चक्कर म्हणजे व्हर्टिगो नव्हे

संपादक महोदय,

कुणी उन्हात चक्कर येऊन पडले की 'व्हर्टिगोचा त्रास होता' असे बातमीत बिनदिक्कत छापले जाते. चक्कर हा मराठीत फार ऐसपैस शब्द आहे. ठाण्याच्या तलावपाळीला मारतात ती चक्कर, उपाशीपोटी येते ती चक्कर आणि कूस बदलताच खोली फिरू लागते तीही चक्करच. वैद्यकातला व्हर्टिगो यातला फक्त शेवटचा प्रकार: आपण किंवा भोवताल फिरत असल्याचा भास. त्याला 'गरगरणे' हा नेमका शब्द आपल्याकडे आहेच. शिवाय व्हर्टिगो हे लक्षण आहे, रोग नव्हे. 'मला व्हर्टिगो आहे' म्हणजे 'मला खोकला आहे' म्हणण्यासारखेच. कारण शोधायचे राहतेच.

सर्वांत जास्त आढळणारे कारण कानातले खडे. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. डोके वळवले की ते घरंगळतात, नलिकेतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटते, डोके अजून फिरतेच आहे. डोके स्थिर ठेवले की बहुधा मिनिटाच्या आत सारे शांत. गोळीने खडा जागेवर जात नाही. त्यासाठी एप्ले पद्धत आहे: बसलेल्या रुग्णाचे डोके खडा सरकलेल्या कानाकडे ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे निजवायचे, मान किंचित मागे झुकलेली, मग डोके दुसऱ्या बाजूला ९० अंश, मग अंगासकट कुशीवर, नाक जमिनीकडे, शेवटी उठवून बसवायचे. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट. खडा कुठल्या कानात आहे हे आधी बुबुळांची फडफड पाहून ठरवावे लागते. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून करणारे नेमके इथेच फसतात.

उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, त्याचा कानाशी संबंध नसतो. पाच मिनिटे आडवे राहून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. आपल्या मनाने बंद करू नयेत.

प्रत्यक्षात दोन्ही तक्रारींना 'चक्करची गोळी' म्हणून एकच पाकीट घेतले जाते आणि महिनोन्‌महिने चालू राहते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशी औषधे दीर्घकाळ घेतल्यास ज्येष्ठांचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते. मग पार्किन्सनची शंका घेऊन धावपळ सुरू होते! मानेचा पट्टा तर जवळजवळ प्रत्येक चक्करला बांधला जातो.

गरगरण्यासोबत बोलणे जड झाले, एकाचे दोन दिसू लागले, एक बाजू लुळी पडली किंवा आधाराशिवाय उभेच राहता येईना, तर थेट १०८ ला फोन करावा. तिथे खडे शोधत बसू नये.

दवाखान्यात 'चक्कर येते' एवढ्यावर न थांबता गरगरते, अंधारी येते की झोक जातो, किती सेकंद टिकते आणि कशाने सुरू होते, हे सांगावे. आणि बातमीत, कारण कळलेले नसेल तर, 'भोवळ येऊन पडले' इतकेच छापावे, ही विनंती.

— कान-नाक-घसा व फिजिओथेरपी क्षेत्रातील काही वाचक, ठाणे