थांबायला का सांगितलंय

पुणे, मंगळवार रात्र

ती. नाना आणि आईस,
सा. न.

काल नाना फोनवर चिडले. "माले काहीच व्हत नही, काढा ती गाठ एकदाची, महिनाभर कसले थांबता!" तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

नाना, अडचण लिव्हरमधल्या गाठीपेक्षा मागे काय उरतं याची आहे. उजवी बाजू काढली की तुमचं 24 टक्के लिव्हर राहतं. ते धडधाकट असतं तर तेवढ्यावर निभावलं असतं. पण आतड्याच्या ऑपरेशननंतरच्या केमोने ते दमलंय, त्याला निदान 30 टक्के तरी हवं. (सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार, असता तर 40.) कमी उरलं तर कावीळ, पोटात पाणी, असंबद्ध बडबड सुरू होते. म्हणून त्या दिवशी सुई घालून उजवीकडची शीर बंद केली. तुम्ही एका वाफ्याचं तोंड बुजवून पाणी दुसऱ्यात सोडता ना, तसं आतड्याकडचं रक्त आता डावीकडे वळलंय आणि ती बाजू वाढतेय. पुन्हा सीटी करून मोजतील, मगच तारीख.

आता बिडी. दिवाळीत तुळशीमागे मी अकरा थोटकं मोजली, आईला बोलले नाही. डॉक्टरांना "सोडली" सांगितलंत, ते खोटं. वरच्या पोटाला मोठा छेद, दुखतं म्हणून श्वास उथळ, त्यात बिडीचा कफ. न्यूमोनियाला आणखी काय लागतं? आजपासून चार आठवडे बंद. श्वास ओढायच्या त्या तीन चेंडूंच्या नळीत तुमचे दोनच वर जातात, तिसरा गेला की फोटो पाठवा. तो पुडीतला काढाही बंद, आणि शुगरची वही लपवू नका.

आई, नवस तू कर, पण सोमवार आणि एकादशीचा उपास त्यांना नको. सात किलो उतरलेत. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि अंगातली ताकद कमी असली की जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनही लवकर होतं. डाळीचे फुनके कर, कळण्याची भाकरी दे, रोज दूध. साबुदाण्यात काही नसतं गं!

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ते बोलले-हसले म्हणून गावभर फोन करू नकोस. पाचव्या दिवसाचं बिलिरुबिन (कावीळ किती ते) आणि आयएनआर (रक्त गोठतं कसं ते) बघून डॉक्टर मोकळं बोलतील.

शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने चाळीसगावला उतरते. नाना, घ्यायला येऊ नका, रिक्षाने येईन. बंडल मात्र माझ्या हातात द्यायचं.

तुमची,
ताई