पक्या, हसू नकोस

पक्या,

सात महिने झाले तुला काही लिहिलं नाही, काकांच्या वेळी पण नुसता फोन केला, शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येत ठीक, उजवा खांदा तेवढा आखडलाय, शुगर आहे तिथेच आहे.

लिहायचं कारण वेगळंच आहे, बायकोला सांगितलं तर ती म्हणाली बरं, येताना कोथिंबीर आण. टेबल टेनिसचे सर म्हणतायत बॅटच्या बॅकहँडच्या बाजूला लाँग पिंपल, ते लांब दाण्यांचं रबर, लाव. मला!

हसून झालं? पुढे वाच.

जूनपासून क्लबात परत जायला लागलोय. तिथे एक चौदा वर्षांची पोरगी आहे, "काका, खेळता का" म्हणते गोड आवाजात आणि असला लूप टाकते, बॉलला पुढे फिरकी देऊन, की टप्पा पडल्यावर बॉल अंगावर धावून येतो. खांद्यामुळे मला उलट लूप मारता येत नाही, मग उरलं काय, ब्लॉक. म्हणजे ज्याला मी आयुष्यभर फळी धरून उभं राहणं म्हणालो तेच. आणि ते पण जमेना रे. बॅट पुढे झुकवून मिटवली नाही की बॉल पंख्याकडे, जास्त मिटवली की नेटमध्ये, आणि हात तर गप्प बसतच नाही, बॉल दिसला की झेपावतो. सर म्हणाले पकड सैल, ओला पापड उचलतोस तशी. (सरांनी पापड कधी लाटलेत देव जाणे.)

आता चॉप ब्लॉक चाललाय. टप्पा पडून बॉल वर यायच्या आत गाठायचा, बॅट जवळपास उभी, आणि लागतानाच खाली ओढायची, फार नाही, चार बोटं. जमला तर तिचा टॉपस्पिन, ती पुढची फिरकी, मरतो, बॉल नेटपलीकडे बसतो, ती सवयीने परत लूप मारायला जाते आणि नेटमध्ये. अर्धा क्षण उशीर झाला की संपलं. साईडस्पिनवाला तर विचारूच नको, बॅट आडवी पुसायची म्हणे, मी पुसली की बॉल शेजारच्या टेबलावर, तिथले लोक आता न सांगता परत फेकतात.

गुरुवारी एक बसला. एकच. तिच्या बाजूला नेटजवळ दोन टप्पे पडला, पोरगी बघत राहिली, आणि मी मागे वळलो तर बाकावर सगळी पोरांची दप्तरं. कोणाला सांगणार?

त्यावर सर काय म्हणावेत, कशाला एवढा त्रास, पिंपल लाव, रबरच स्पिन उलटवेल. आठवलं ना? १९९८ चं सिलेक्शन, नाईकांसमोर मी बोंबललो होतो, "पक्या खेळत नाहीये, त्याचं रबर खेळतंय", आणि मग आपण गणपतीपर्यंत बोललो नव्हतो. तू १९-१९ ला हातात बॅट फिरवून पिंपलची बाजू पुढे आणलीस आणि मी रंग बघितलाच नाही, एक बाजू लाल, एक काळी हा नियम त्यासाठीच होता हे मला तेव्हाही माहीत होतं. आपला गेम एकवीसचा, आताच्या अकराच्या गेमवाल्या पोरांना १९-१९ म्हणजे काय ते कळणार पण नाही. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थला मनिका बत्राने त्याच पिंपलवर सिंगापूरच्या फेंग तियानवेईला पाणी पाजलं तेव्हा तुला फोन करणार होतो. नाही केला. मुद्दाम.

आता सांग काय करू. हाताने शिकायचं तर दोन वर्षं जातील, खांदा तेवढा टिकेल का? आणि पिंपल लावलं नि पोरीने हुशारीने बिनस्पिनचा बॉल दिला तर ते उलटवणार काय, डोंबल? शिवाय तुला कुठल्या तोंडाने भेटू हे आहेच. रात्री युट्यूबवर रबरं बघत बसतो, चोरून, ही समजते भलतंच काहीतरी बघतोय.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूला बारावीला जे काही पडले असतील त्याबद्दल अभिनंदन. नागपूरचं घर इतक्यात विकू नका.

रबर खाली स्पंजवालं घेऊ की बिनस्पंजाचं, तेवढं लगेच कळव.

तुझा,
अज्या

ता.क. १९-१९ चा तुझा तो बॉल टेबलाच्या एजला नव्हता लागला. साईडला लागला होता, म्हणजे पॉइंट माझा.