विधानभवनाच्या ग्रंथालयाचीही बातमी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आले की विधानभवनाची रंगरंगोटी, आमदार निवासातल्या खोल्या, १६० खोल्यांचे गाळे, रविभवनाची डागडुजी, मोर्चांचे मार्ग यांच्या बातम्या नागपूरच्या वृत्तपत्रांत रोज येतात. विधिमंडळाच्या ग्रंथालयाबद्दल एक ओळही दिसत नाही. सभागृहाचे कामकाज आटोपते, आमदार गावी जातात. तिथे कोण काय बोलले आणि सरकारने काय कबूल केले, याचा पुरावा मात्र ग्रंथालयातच राहतो.

दिल्लीचे संसद ग्रंथालय १९२१ साली केंद्रीय कायदेमंडळासाठी सुरू झाले. ७ मे २००२ पासून ते राज रेवाल यांनी आखलेल्या स्वतंत्र इमारतीत आहे आणि ग्रंथसंख्या १२ लाखांच्या घरात आहे. पाहायला जाणारा माणूस संविधानाच्या हस्तलिखित प्रतीपाशी थांबतो. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे, सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांची. ही प्रत हेलियममध्ये ठेवली आहे असे सर्रास छापले जाते. काचपेटीत भरलेला वायू नायट्रोजन आहे. ऑक्सिजन नसला की कागद पिवळा पडण्याचा वेग मंदावतो आणि कीड जगत नाही.

अभ्यासकाला रोज लागणारे धन मात्र वेगळेच आहे: सभागृहासमोर ठेवलेली कागदपत्रे. लोकसभेच्या जुन्या छापील चर्चेत मंत्र्याच्या उत्तराखाली चौकटी कंसात एक बारीक नोंद असते, ‘ग्रंथालयात ठेवले, पाहा क्रमांक एलटी-अमुक/५९’ अशा धर्तीची. जिल्हावार आकडे, महामंडळाचा वार्षिक अहवाल, चौकशीचा निष्कर्ष छापील पानावर नसतो, त्या क्रमांकाच्या कागदात असतो. हा क्रमांक टिपून न घेणारा अभ्यासक हमखास हात हलवत परत येतो. प्रश्नांचेही तसेच आहे. प्रश्नांचे क्रमांक दर अधिवेशनात नव्याने सुरू होतात. म्हणून ‘अतारांकित प्रश्न ४१२’ (अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचा) एवढ्यावर ग्रंथपाल काही शोधू शकत नाही. कितवी लोकसभा, कितवे अधिवेशन आणि उत्तराची तारीख द्यावीच लागते.

आता चर्चेचे खंड डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात, ही मोठीच सोय. तिथेही एक मेख आहे. खासदार मराठीत बोलले असले तरी छापील खंडात बहुधा त्या भाषणाचा इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद असतो आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची टीप असते. मराठी शब्द टाकून शोधले तर काहीच हाती लागत नाही. सदस्याचे नाव आणि तारीख धरून जावे.

आता आपल्या शहराकडे येऊ. मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे काम नागपुरात १९१४ साली सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे ८ जिल्हे मुंबई राज्यात आले, तोवर नागपुरात असलेली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि या काळाचा माग नागपूर, भोपाळ, मुंबई असा तीन शहरांत काढावा लागतो. हे केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपवणारा १९५०चा मालकी हक्क निर्मूलन कायदा नागपूरच्या सभागृहाने केला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी म्हणजेच ‘मामा’ तलाव त्या कायद्याने सरकारकडे आले. त्या तलावांच्या पाण्यावर निस्तार हक्क, म्हणजे गावकऱ्यांचा रोजच्या वापराचा हक्क, कोणाचा, हा वाद आजही उभा राहतो. कलमाचा अर्थ लावताना सभागृहात ते कोणत्या हेतूने मांडले गेले हे पाहावे लागते, आणि ते त्या वेळच्या चर्चेच्या खंडांतच सापडते.

अशा खंडांना नागपूरची हवा मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो आणि पाठीचा सरस तडकतो. पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो, मग बुरशी आणि कसर. हा चढउतार कागदाला घातक. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतले खंड सर्वांत आधी तपासावेत, कारण लाकडी लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने तपकिरी होऊन तुटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. त्याचा गोंद झिरपून अक्षरांवर कायमचा डाग पडतो. जपानी टिश्यू आणि मैद्याची पातळ खळ पुरते. खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायची बाइंडरांची जुनी सवय इथे नको. कीड थांबते, पण तांब्यामुळे कागद लवकर खराब होतो. पुन्हा बांधणी करताना कडा कापल्या तर समासातले मथळे जातात, ते वेगळेच.

स्कॅनिंगचे कंत्राट देताना खंड पूर्ण उघडून सपाट काचेवर दाबायला मनाई असावी, पाठ तिथेच मोडते. वरून टिपणारा कॅमेरा आणि खाली व्ही आकाराचा पाळणा हवा. बारीक छापील अक्षरांसाठी इंचाला ४०० ठिपके ठेवावेत आणि मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा. जुन्या मराठी फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना वाचता येते, पण शोधयंत्राला ती अक्षरांची खिचडी दिसते.

हे सगळे यादीनंतरचे. आधी खंड, बैठकीची तारीख, भाषा, पृष्ठसंख्या आणि कागदाची अवस्था एवढ्या पाच रकान्यांची यादी जाहीर व्हावी, आणि वाचनकक्ष वर्षभर अभ्यासकांना खुला असावा. विधिमंडळ सचिवालय पीठासीन अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, त्यामुळे त्याच्या कारभारावर सभागृहात तारांकित प्रश्न टाकता येत नाही. पत्र विधानसभेचे अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती यांनाच द्यावे लागते. विदर्भातल्या आमदारांनी ते अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात द्यावे, आणि आपल्या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने त्याच्या उत्तराचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक ग्रंथपाल, धरमपेठ, नागपूर